डहाणूचे कापरेकर मास्तर आणि १२३४५६७८९८७६५४३२१

हर्णैकर (धागाकर्ता)

मंडळी, ही संख्या बहुतेकांनी शाळेत कधीतरी पाहिलेली असणार :

१२३४५६७८९८७६५४३२१

नऊ एके एकापुढे एक मांडा आणि त्या संख्येचा वर्ग करा. १११११११११ × १११११११११. उत्तर पुढून वाचा, मागून वाचा, तेच. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. "वा, छान" म्हणून आपण पान उलटतो. माझं म्हणणं असं की पान उलटायची घाई करू नये. डहाणूत जन्मलेल्या एका शाळामास्तरांनी आयुष्यभर ज्या कल्पना खेळवल्या, त्या जवळजवळ सगळ्या या एका संख्येत सापडतात.

मास्तर म्हणजे अर्थातच द. रा. कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शिक्षण ठाणे आणि पुण्याला फर्ग्युसनमध्ये, मग १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत नोकरी. ६१७४ (सगळे सारखे नसलेले चार अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी येणारा आकडा) त्यांनी १९४९ साली शोधला. त्यावर इतकं लिहून झालंय की इथे पुन्हा जिलबी पाडत नाही. ६१७४ च्या प्रसिद्धीत त्यांचं बाकीचं काम झाकोळलं, माझी तक्रार तेवढीच आहे.

पहिली कल्पना, डेमलो संख्या. १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही जी चढती-उतरती माळ आहे, तिला मास्तरांनी डेमलो हे नाव दिलं. डेमलो हे मुंबईपासून तीस मैलांवरचं जुन्या जी.आय.पी. रेल्वेचं स्टेशन, जिथे त्यांना ही कल्पना सुचली. आपली संख्या या माळेतली नववी.

दुसरी, हर्षद संख्या. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज : चढताना १ ते ९ म्हणजे ४५, उतरताना ८ ते १ म्हणजे ३६, एकूण ८१. भागून पाहा. १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. आणि हा भागाकार म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. (हो, त्यात ८ नाही. टंकलेखनाची चूक नव्हे.)

तिसरी, कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. आता आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, गुणा. ९९९९९९९९८००००००००१ मिळतात. मधोमध तोडा : ९९९९९९९९८ आणि ००००००००१, म्हणजे नुसता १. बेरीज ९९९९९९९९९. आणि आपण तोडली ती संख्या ९९९९९९९९९ चाच वर्ग आहे. म्हणजे डेमलो संख्या गुणिले तिची अंकबेरीज बरोबर एका कापरेकर संख्येचा वर्ग.

चौथी कल्पना स्वयंभू संख्यांची. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिचीच अंकबेरीज मिळवा, नवी संख्या तयार होते. २१ घेतले तर २१ + ३ = २४, म्हणजे २१ हा २४ चा जनक. ज्या संख्येला असा जनकच नसतो, ती स्वयंभू. २० स्वयंभू आहे, पडताळून बघा. आपली १७ आकडी बया स्वयंभू आहे का? मी उत्तर काढलंय, पण आधी तुम्ही काढा.

लोकल_८_१२

वाचनखूण साठवली. डेमलो म्हणजे आताची डोंबिवली असं वाचलं आहे. रोज त्याच फलाटावर उभा राहून माझ्या डोक्यात फक्त चौथी सीट येते.

देवबागचो झील

ह्या सगळा बरा आसा, पण ह्येचो उपयोग काय ता सांगा. माका तर तीन नि दोन पाच करताना बोटां मोजूची लागतत.

सुपारीवाला

झील, धाग्याच्या दुसऱ्याच प्रतिसादात "उपयोग काय" आलं. या वेळी जरा लवकर झालं :)

हर्णैकर, एक शंका. ही माळ नवाशीच का थांबते? दहा एक घेतले तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ यायला हवं ना?

हर्णैकर

नाही येत. कागदावर उभा गुणाकार मांडा, म्हणजे डोळ्यांना दिसेल. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना प्रत्येक ओळीत तेच नऊ एक लिहायचे, फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकत. नऊ ओळी झाल्या की उभ्या रकान्यांकडे बघा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्यात नऊ, आणि पुढे परत कमी होत जातात. कुठेच हातचा येत नाही, म्हणून प्रत्येक रकान्याची उंची जशीच्या तशी उत्तरात उतरते.

दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा येतात. शून्य लिहून हातचा एक. डावीकडच्या नऊच्या रकान्यात तो मिळाला की तिथेही दहा, पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या डावीकडचा आठ मग नऊ होतो आणि तिथे गाडी थांबते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवा उतार शाबूत, डाव्या चढावर आठ गायब.

आक्का_अलिबाग

तोच आठ १२३४५६७९ मध्येही गायब आहे. १ भागिले ८१ करा : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… अखंड चालू. तिथेही कारण हातच्याचंच. ० १ २ ३ … ८ ९ १० असं लिहीत गेलं की दहाचा एक डावीकडच्या नवात शिरतो, नवाचा हातचा आठात.

पण मला धाग्यातला दुसरा मुद्दा जास्त आवडला. माळेतल्या पहिल्या नऊ संख्या एकेक करून तपासल्या. अंकबेरजा १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१, म्हणजे क्रमाने वर्ग. मग हर्षद किती? १२१ ला ४ ने भाग जात नाही, संख्या विषम आहे. १२३४३२१ ला १६ ने, ३६ वाल्या १२३४५६५४३२१ ला ३६ ने, ६४ वाल्या १२३४५६७८७६५४३२१ ला ६४ ने, सगळीकडे हेच कारण. पाच एकांच्या वर्गाला २५ ने भाग जायला शेवटी ० किंवा ५ हवा. सात एकांचे अवयव २३९ × ४६४९, त्यात ७ नाहीच. उरल्या फक्त तीन : १, १२३२१ आणि आपली १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपैकी तीनच हर्षद.

आणि एक, तीन, नऊ हेच का, तेही सांगते. अंकबेरीज क² आणि संख्या म्हणजे क एकांचा वर्ग. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की क एकांच्या संख्येला क ने भाग जातो का. १११ ला ३ ने जातो, १११११११११ ला ९ ने जातो. मधल्यांना जात नाही.

हर्णैकर

आक्का, हे फार सुरेख झालं. मूळ लेखात हवं होतं.

निळू मास्तर

रत्नागिरीहून. मुलांना मोठ्या संख्या वाचायला देताना मी हीच देतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) अठरा स्थानांची नावं आहेत, त्यातली सतरा इथे कामाला लागतात : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, आणि मधला नऊ दशकोटीच्या घरात. पुढे कोटी-लक्ष सगळ्यांना येतं. परार्ध तेवढं रिकामं राहतं.

अवांतर : कापरेकरांना फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळालं होतं. परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झालेले पहिले भारतीय. हर्णैकरांच्या घरून खाडी ओलांडली की आंजर्ले आणि लगेच मुर्डी, तेव्हा त्यांना हे ठाऊक असणारच.

हर्णैकर

ठाऊक होतं मास्तर, पण "आमच्या गावाजवळचे" म्हणून मिरवायला नको म्हणून राखून ठेवलं होतं. आता तुम्हीच काढलंत, तर मिरवतो.

चिरेखाण

मी बांधकामातला. या संख्येचे अवयव पाडले. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि ३३३६६७ ला पुढे तोडता येत नाही. म्हणून मोठ्या संख्येचे अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७². एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. म्हणजे १ ते ९ ची बेरीज, आणि हर्णैकरांनी वर दिलेली कापरेकर संख्याही तीच. ३३३६६७ चा वर्ग पाहिलात का? १११३३३६६६८८९. तिळ्यांची रांग, शेवटी जरा घसरलेली.

आता खरी गंमत. चिऱ्याचा पाया आखताना आमचे गवंडी गुण्यावर विसंबत नाहीत. दोरी घेऊन एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट, आणि तिरपी पाच फूट भरली की काटकोन पक्का. ३-४-५ सारखंच १२-३५-३७ पण चालतं : १४४ + १२२५ = १३६९ = ३७². आपल्याकडे ३७ आहेच. उरलेले अवयव ९ × ३३३६६७ = ३००३००३. त्याने तिघांना गुणलं :

१२ × ३००३००३ = ३६०३६०३६
३५ × ३००३००३ = १०५१०५१०५
३७ × ३००३००३ = १११११११११

म्हणजे ३६०३६०३६² + १०५१०५१०५² = १२३४५६७८९८७६५४३२१. कर्ण नऊ एकांचा आणि दोन्ही बाजूही अशा लयीतल्या. पूर्णांक बाजू घेऊन एवढ्या कर्णाचा दुसरा काटकोन त्रिकोण होतच नाही. कारण असा त्रिकोण चारने भागल्यावर बाकी १ राहील अशाच मूळ अवयवातून निघतो, आणि तसा यात फक्त ३७ आहे. ३ आणि ३३३६६७ दोघांचीही बाकी ३.

सुपारीवाला

३६०३६०३६ आणि १०५१०५१०५!! हे मी वहीत लिहून ठेवलं. या धाग्यावर कर्णाची रांगोळी निघेल असं वाटलं नव्हतं.

पेटीहिशेब

देवगडहून. झील यांना उपयोग हवा होता ना? घ्या.

आंब्याच्या मोसमात पेट्या पाठवल्या की ट्रान्सपोर्टवाला सोळा आकडी पावती क्रमांक देतो. मी ते एक्सेलमध्ये भरत होतो. एका गिऱ्हाइकाला क्रमांक कळवला, तो म्हणाला असा क्रमांकच नाही. बघतो तर यादीतल्या झाडून सगळ्या क्रमांकांचा शेवटचा आकडा शून्य. ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडण होता होता राहिलं. मग कळलं की एक्सेल पंधरा अंक सांभाळतं, पुढचे शून्य करून टाकतं. पण नेहमीचा क्रमांक बघून हे ओळखू येत नाही. आपली संख्या टाका, लगेच दिसतं : १२३४५६७८९८७६५४३०० . शेवटचे २ आणि १ गेले. पुढून-मागून सारखी असणारी संख्या अशी मोडली की डोळ्याला खुपते. नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा मुलाने आधी हेच करून पाहिलं.

उपाय सोपा. आकडा टाकायच्या आधी तो कप्पा मजकूर प्रकारचा करा, किंवा आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. नंतर बदलून उपयोग नाही, गेलेले आकडे परत येत नाहीत.

कोड_कोकणी

पेटीहिशेब यांच्यात भर. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला हीच संख्या दिली तर ती १२३४५६७८९८७६५४३२० दाखवते. फक्त शेवटचा एक पडला. तिथे दशांकी पंधरा अंकांची मर्यादा नसते, दोनाच्या घातांची असते. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२, तिथपर्यंतचे सगळे पूर्णांक अचूक बसतात. त्यापुढे ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या या दोन घातांच्या मध्ये, आणि विषम. शेजारी ३२० आणि ३२२, दोन्ही सारख्याच अंतरावर. अशी बरोबरी झाली की अर्ध्याचा अंक ज्याचा सम, त्याच्याकडे जायचं असा नियम आहे. ३२० चं अर्धं १६० (पुढचे अंक सोडून सांगतोय), ३२२ चं १६१. म्हणून ३२०.

देवबागचो झील

कळला. म्हणजे ही संख्या यंत्राची नाडी बघूक बरी. पण हर्णैकरांच्या चौथ्या प्रश्नाचा काय झाला? स्वयंभू काय नाय? गणपतीपुळ्याक जाऊन विचारूचा की काय?

कोड_कोकणी

प्रोग्राम लिहिला, दोन मिनिटांत उत्तर आलं. स्वयंभू नाही. जनक १२३४५६७८९८७६५४२४०. अंकबेरीज ८१, मिळवली की आपली संख्या.

निळू मास्तर

प्रोग्रामशिवायही होतं, आणि जास्त मजा येते. मुलांसाठी सांगतो.

जनकाची अंकबेरीज फार तर १७ × ९ = १५३, म्हणजे जनक आपल्या संख्येच्या मागे फार तर १५३ घरांवर असणार. तेव्हा पहिले तेरा अंक, १२३४५६७८९८७६५, जसेच्या तसे राहणार. त्यांची बेरीज ७१. बदलणार फक्त शेवटचे चार, ४३२१. आता कुठलीही संख्या आणि तिची अंकबेरीज यांना ९ ने भागलं तर बाकी सारखीच राहते. आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून जनकाच्या दुपटीलाही जाणार, म्हणून जनकालाही. तेव्हा वजा करायची रक्कम नवाच्या पाढ्यातलीच, आणि ७१ हून मोठी : ७२, ८१, ९०, ९९ …

७२ वजा केले तर ४२४९ उरतात, अंकबेरीज ७१ + १९ = ९०, हवे होते ७२. नाही.
८१ वजा केले तर ४२४०, बेरीज ७१ + १० = ८१. जमलं.
९० वजा केले तर ४२३१, बेरीज ८१, हवे ९०. नाही. ९९, १०८, ११७ ला पुन्हा ८१ च येतात, आणि त्यापुढे १५३ पर्यंत ९०. कुठेच जमत नाही.

म्हणजे जनक एकच, बरोबर ८१ घरं मागे. त्याची अंकबेरीज ८१ आणि आपल्या संख्येचीही ८१. तोही हर्षद, कारण ८१ ने भाग जाणाऱ्या संख्येतून ८१ च काढले.

हर्णैकर

मास्तर, मी इथवर आलो होतो, पण एक पायरी पुढे गेलो. हाच प्रश्न त्या जनकाला विचारा. १२३४५६७८९८७६५४२४० चा जनक कोण?

तीच पद्धत. शेवटचे चार ४२४०. ७२ काढले तर ४१६८, बेरीज ९०. ८१ काढले तर ४१५९, बेरीज ९०. ९० काढले तर ४१५०, बेरीज ८१. त्यापुढे १३५ पर्यंत ८१ च ८१, आणि १४४, १५३ ला ९०. कुठेच मेळ नाही.

म्हणजे तो स्वयंभू. डेमलो माळेतली नववी संख्या हर्षद, तिला तिच्या अंकबेरजेने गुणलं की कापरेकर संख्येचा वर्ग, आणि तिचा एकुलता एक जनक स्वयंभू. कापरेकर मास्तरांच्या चारही कल्पना. मला हेच सांगायचं होतं. मार्टिन गार्डनरनी १९७५ च्या मार्चमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या गणिताच्या सदरात लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला कापरेकर कळले. त्याआधी ते आपल्या पुस्तिका पदरमोड करून छापत होते. हर्षद संख्यांना बाहेर अजून पुष्कळदा निव्हन संख्या म्हणतात. आपण तरी हर्षद म्हणावं.

देवबागचो झील

बापूस स्वयंभू, आजो नाय. आमच्या वाडीत एकाचा कुळवृत्तांत असोच आसा :D

आक्का_अलिबाग

झील :)))

मग दहा एकांच्या वर्गाचं काय? १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ गायब झालेल्या त्या संख्येचं घराणं कोणी काढलं का? तिथे अंकबेरीज ८२, म्हणजे नवाचा पाढा लागू होणार नाही.

निळू मास्तर

आत्ताच पाटीवर काढलं. शेवटचे चार अंक सोडले तर बेरीज ७२. संख्येला ९ ने भागून बाकी १ राहते, जनकाची दुप्पट तेवढी यायला जनकाची बाकी ५ हवी. ८६ वजा करा : ४२३५, बेरीज ७२ + १४ = ८६. जनक मिळाला. त्याच्या मागे ८८ घरांवर ४१४७ चा आजोबा, त्याच्या मागे ८९ वर ४०५८ चा पणजोबा, ९४ वर ३९६४ चा खापरपणजोबा. पुढेही रांग चालूच आहे. कोड_कोकणी, तुमचा प्रोग्राम लावा आणि मूळपुरुष कुठे सापडतो ते कळवा. माझी पाटी भरली.